भाऊ अठराचा झाला : आत्ता अग्निवीर, की एनसीसी आणि पदवी करून अधिकारी?

संत्र्याचा_मळा

नमस्कार मंडळी. आमच्या घरी महिनाभर एकच विषय चालू आहे आणि बोलायला बसलेलं प्रत्येक जण चिडून उठतं, म्हणून इथे विचारते. सैन्यातली आणि एनसीसीतली बरीच माणसं इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

माझा धाकटा भाऊ अठरा वर्षं चार महिन्यांचा आहे. बारावी सायन्स झाली, नागपुरात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. गाव काटोल तालुक्यात. बाबांचा संत्र्याचा मळा आहे, पण मागच्या दोन बहारांत फळगळ इतकी झाली की सोसायटीचं कर्ज थकलं. मी मानेवाड्याला खोली करून राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. भाऊ आता माझ्याकडेच असतो.

बारावीच्या अभ्यासाच्या धामधुमीतच त्याने अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांसाठीच्या जवान भरतीचा, फॉर्म भरला होता. ऑनलाइन लेखी परीक्षा पास झाला, आता रॅलीचं, म्हणजे मैदानी चाचणीचं, बोलावणं येईल. नेमकी याच आठवड्यात कॉलेजात एनसीसीच्या नोंदणीची नोटीस लागली. बाबा म्हणतात, हातातोंडाशी आलेली भरती सोडू नको. आई म्हणते, आधी डिग्री घे, सैन्य कुठे पळून जातं का, मग हो भरती. त्याला विचारलं की "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतो. त्याचं हेच उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं.

कॉलेजात एनसीसी केली म्हणजे अधिकारी होण्याचं प्रशिक्षण झालं, असं त्याच्या मित्रांचं म्हणणं आहे. ते खरं का? आई म्हणते तसं पदवी घेऊन मग जवान म्हणून भरती होता येतं का? आणि तो आत्ता गेला तर पुढे अधिकारी व्हायचा रस्ता बंद होतो का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सांगा. "त्याच्या मनाला विचारा" एवढंच लिहू नका, ते मी रोज करते.

परेड_ग्राउंड

ताई, मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि तिथल्या एनसीसी पथकाचा एएनओ, म्हणजे कॅडेट सांभाळणारा प्राध्यापक-अधिकारी, आहे. आमचं स्वतःचं प्रशिक्षण कामठीच्या ओटीएत (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलं कामठीची ओटीए आणि चेन्नईची ओटीए एकच समजतात. कामठीला एनसीसी शिकवणारे प्राध्यापक-शिक्षक तयार होतात. सैन्यातले अधिकारी घडतात ती ओटीए चेन्नईची.

एनसीसी केली म्हणजे अधिकाऱ्याचं प्रशिक्षण झालं, हे खरं नाही. १९४८च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली ती तरुणांत शिस्त आणि नेतृत्व यावं म्हणून. कॅडेटवर सैन्यात जायचं बंधन नसतं आणि सैन्यावर त्याला घ्यायचंही नसतं. तीन वर्षांत परेड, ड्रिल, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, नकाशावाचन, शिबिरं होतात. दुसऱ्या वर्षी 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा, तिसऱ्या वर्षी 'सी'ची. ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही, आणि शिबिर चुकवलं तरीही अडतं.

मग एवढी मुलं 'सी'साठी का धडपडतात? कारण थलसेनेत 'एनसीसी स्पेशल एंट्री' नावाची वाट आहे. पदवीला किमान ५० टक्के, 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' ग्रेडचं, वय १९ ते २५ आणि अविवाहित, एवढं असेल तर लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जातून निवड झाली की थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांचं, बोलावणं. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो, फक्त आधीच्या दोन वर्षांत ५० टक्के हवेत. वर्षातून दोनदा जाहिरात येते. अलीकडच्या जाहिरातींत पुरुषांसाठी ७० आणि महिलांसाठी ६ जागा होत्या, त्याही सगळ्या देशातून. म्हणजे एनसीसीने लेखीचं दार उघडतं, एसएसबीचं नाही.

त्याशिवाय सीडीएस ही अधिकारी भरतीची लेखी परीक्षा आहेच. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. डेहराडूनच्या आयएमएच्या (भारतीय सैन्य अकादमीच्या) १०० जागांतल्या १३ 'सी' प्रमाणपत्रवाल्यांसाठी राखीव असतात.

शेवटची आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'सी' तीन वर्षांचं आहे, त्यामुळे नोंदणी पहिल्याच वर्षी करायला हवी. दुसऱ्या वर्षी येऊन "सर, आता घ्या ना" म्हणणारी मुलं दरवर्षी येतात आणि त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतं. या आठवड्याची नोटीस त्याने चुकवू नये, बाकीचा निर्णय काहीही होवो.

जय_विदर्भ_७

चार वर्षांनी घरी यायचं तर काऊन जायचं? पोलीस भरतीची तयारी करू द्या, गावाजवळ राहील.

गार्ड्स_सेंटर_कामठी

वरच्या भावाला एवढंच सांगतो, पोट्ट्याला सैन्यात जायचं आहे. ताईंनी पोलीस भरतीचं विचारलंच नाही.

ताई, मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. भरती, प्रशिक्षण सगळं कामठीतच झालं, ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये. जवान म्हणून जाणं म्हणजे खालचं आणि अधिकारी म्हणजे वरचं, असा जो सूर अशा चर्चांत लागतो, तो मला सहन होत नाही, म्हणून लिहून राहिलो. आमच्या १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का १९७१च्या डिसेंबरात गंगासागरला लढले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कामठीत रिक्रूटला पहिल्या महिन्यात त्यांची गोष्ट सांगतात. लढाईत बंकरपर्यंत कोण पोचलं, हे हुद्द्यावर ठरत नाही.

आता आईच्या म्हणण्याचं. "आधी डिग्री, मग भरती" हे आमच्या काळात चालून जायचं. आता नाही. अग्निवीर घेतात ती अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस ठेवलं. त्या पहिल्या वर्षी कोरोनामुळे भरती अडली होती म्हणून तेवढ्यापुरतं तेवीस केलं. तुमचा भाऊ आज अठरा वर्षं चार महिन्यांचा आहे. तीन वर्षांची पदवी हातात येईल तेव्हा एकवीस उलटून गेलेले असतील. नव्या जाहिरातीत काय मर्यादा दिली आहे ते तुम्ही स्वतः बघा, पण वर्ष-सहा महिन्यांच्या सवलतीवर कोणी तीन वर्षांचं नियोजन करू नये. जवान व्हायचं असेल तर त्याचं वय हेच आहे. अधिकाऱ्याचं वय पदवीनंतर सुरू होतं आणि चोविशी-पंचविशीपर्यंत चालतं. आईला हे नीट समजावून सांगा, कारण त्यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्या सल्ल्याने एक दार न सांगता बंद होतं.

संत्र्याचा_मळा

काका, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आई तर गृहीत धरून होती की पदवी असली की भरतीत उलट जास्त मान मिळतो. आज रात्री फोनवर सांगते.

धरमपेठ_ते_टेक्सास

"कॉलेजात अधिकारी प्रशिक्षण" ही समजूत कुठून येते ते मला इथे राहून कळतं. अमेरिकेत कॉलेजांत आरओटीसी असते आणि तिचे व्हिडिओ आपल्याकडची मुलं बघतात. शेजारच्या मुलाने ती केली. शिष्यवृत्ती मिळाली की फी सरकार भरतं, पण करारावर सही करावी लागते. पदवीबरोबरच तो सेकंड लेफ्टनंट होतो आणि त्यानंतर एकूण आठ वर्षांचं बंधन असतं, त्यातला काही काळ राखीव दलात काढता येतो. शिवाय तिथे पदवीनंतर साधा सैनिक म्हणून भरती व्हायलाही भरपूर वर्षं हातात असतात, म्हणून "आधी शिक, मग बघ" हा सल्ला तिथे चालतो. आपल्या एनसीसीत करार नाही तशी हमीही नाही, आणि वयाचं घड्याळ सुभेदार काकांनी सांगितलं तसं उलटं आहे.

सिनिअर_विंग

मी तिसऱ्या वर्षाला आहे, 'बी' झालं, 'सी' या वर्षी. दादाला सांगा की नोंदणीच्या दिवशी धावायला लावतात, उंची बघतात, थोडे प्रश्न विचारतात, आणि जागा कमी असतात. रॅलीची तयारी करतोय म्हणजे धावण्यात तो सहज निघेल. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या निम्म्या मुली पावसाळ्यानंतर गळतात, कारण रविवारची सकाळ जाते. ज्या टिकतात त्यांना सगळं मिळतं. मला स्पेशल एंट्रीतून जायचं आहे.

चेन्नई_सप्टेंबर

ताई, मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर अधिकारी होतो, चेन्नईच्या ओटीएतून गेलो, आता सिव्हिल लाइन्सला राहतो. दोन्ही बाजूंचे आकडे समोर ठेवतो, कारण घरात भांडण पैशावरून आहे असं मला तुमच्या पहिल्या लिखाणातून वाटलं.

अग्निवीर : पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, तेव्हा हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. कापलेल्या रकमेएवढीच भर सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम सेवेत घेतात, त्यांना पुढे किमान १५ वर्षं असतात. मध्येच "नको" म्हणून परत येता येत नाही, अगदी अपवाद सोडला तर.

अधिकारी : ओटीएत ४९ आठवडे प्रशिक्षण, त्या काळात महिना ५६,१०० विद्यावेतन. लेफ्टनंट झाल्यावर तोच मूळ पगार, वर १५,५०० लष्करी सेवा वेतन आणि भत्ते. पण हीसुद्धा जन्मभराची नोकरी समजू नका. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची असते, पुढे चार वर्षं वाढवता येते किंवा कायम कमिशनसाठी निवड होऊ शकते. आयएमएतून गेलं तर सुरुवातीपासून कायम कमिशन.

आकडे बघितले की अधिकारीपणच बरं असं वाटतं. पण एका बाजूला तुमच्या भावाने लेखी पास करून ठेवलेली भरती आहे आणि दुसऱ्या बाजूला तीन वर्षांनंतरची एसएसबी, जिच्यातून फार थोडी मुलं निघतात. एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बहुतेक मुलं संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलेली असतात. जे उरतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली मैदानी कामं, मुलाखत, आणि शेवटी सगळ्या परीक्षकांसमोर कॉन्फरन्स. पाठांतराने यातलं काही निघत नाही. पण पहिल्या वेळी नाही झालं म्हणून संपत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निवडले गेलेले माझ्या तुकडीत बरेच होते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आत्ता गेला तरी अधिकारी व्हायचा रस्ता बंद होत नाही, अरुंद होतो. अग्निवीरांसाठी इग्नूने तीन वर्षांची पदवी ठेवली आहे, तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. तो साडेबाविशीत बाहेर आला आणि पदवी हातात असली, तर ओटीएच्या वयात अजून दोनेक वर्षं बसतात. ड्युटी करून संध्याकाळी इग्नूची पुस्तकं वाचायची जिद्द मात्र हवी. कायम झाला तर डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज आहे. जवानांतून निवडलेल्यांना तिथे तीन वर्षांत पदवी देतात आणि मग वर्षभर आयएमए. माझ्या पहिल्या पोस्टिंगवरचे कंपनी कमांडर त्याच वाटेने आलेले होते, आणि जवानाच्या घरची अडचण त्यांना न सांगता कळायची.

माझं मत विचाराल तर एनसीसीत नाव द्या आणि रॅलीलाही जाऊ द्या. अनुभव मिळेल, निर्णय बोलावणं आल्यावर घ्या.

गार्ड्स_सेंटर_कामठी

साहेब, तुमच्या बाकी सगळ्याशी सहमत, शेवटच्या ओळीशी नाही. मानकापूरला रॅली लागली की मी बघायला जातो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळहून पोट्टे रात्रीच येऊन फुटपाथवर झोपलेले असतात. पहाटे सोळाशे मीटर धावतात. साडेपाच मिनिटांत आले तर पूर्ण गुण, दहा बीम (पुल-अप) मारल्या तर त्याचे पूर्ण. शेवटी मेरिट लागतं ते गुणांवर. "अनुभव म्हणून" धावलेला मुलगा यादीत वर लागला आणि गेलाच नाही, तर खालच्या एखाद्याची ती शेवटची संधी असते. त्याचं वय संपलेलं असतं. जायचं मनात असेल तर जीव तोडून धाव, नसेल तर मैदानात उतरू नको.

चेन्नई_सप्टेंबर

सुभेदार साहेब, तुमचं बरोबर आहे. मी हा विचार उमेदवाराच्या बाजूने केला, यादीच्या बाजूने नाही. मग ताई, निर्णय रॅलीच्या आधीच घ्या.

वर्धा_नदीकाठ

माझा मुलगा अग्निवीर आहे, दुसरं वर्ष चालू. आम्ही भूमिहीन. तो गेला नसता तर सूरतला मिलमध्ये गेला असता, गावातली बाकीची मुलं गेली तशी. पदवी तीन वर्षं, मग एसएसबी, मग बघू, एवढं थांबायची ऐपत आमच्यात नव्हती. दर महिन्याला पैसे येतात आणि तो फोनवर आता माझ्याशी मोठ्या माणसासारखा बोलतो. चार वर्षांनी काय, याची भीती मला आहे, खोटं कशाला बोलू. निमलष्करी दलांत अग्निवीरांना १० टक्के जागा ठेवू असं केंद्राने २०२२ मध्येच जाहीर केलं होतं, त्याचा आधार वाटतो. पहिली तुकडी २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला गेली होती, तिच्या मुलांचं पुढे काय होतं तिकडे आमचं सगळ्या घराचं लक्ष आहे.

ताई, तुमच्या घरात थांबायची ऐपत आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर थांबवा त्याला. नसेल तर जाण्यात काही कमी नाही.

संत्र्याचा_मळा

काकू, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. प्रामाणिक उत्तर देते. सोसायटीचं कर्ज आहे, पण मळा उभा आहे, मृग बहार बरा दिसतोय, आणि माझ्या पगारात आम्हा दोघांचं भागतं. थांबण्याची ऐपत आहे. मग बाबा एवढी घाई का करतात ते मला कळत नव्हतं. काल रात्री भावाला हा धागा वाचायला दिला. आता तोच लिहील.

संत्र्याचा_मळा (भाऊ लिहितोय)

नमस्कार. मी ताईच्याच खात्यावरून लिहितो आहे. सगळ्यांचं वाचलं.

मला लहानपणापासून सैन्यातच जायचं आहे. काटोलला शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या परेडला एक कर्नल आले होते. माझ्या बाजूच्या मुलाचा पट्टा सुटला होता, तो त्यांनी स्वतः वाकून नीट लावून दिला. तेव्हापासून मला तसा अधिकारी व्हायचं आहे. हे मी घरी कधी बोललो नाही, कारण आमच्या ओळखीत अधिकारी कोणी नाही, आणि माझं इंग्रजी कच्चं आहे. सीडीएसला इंग्रजीचा पेपर असतो, एसएसबीत इंग्रजीत बोलावं लागतं. मी मराठी माध्यमाचा. धावणं मला जमतं, म्हणून भरती जमेल असं वाटलं.

दुसरं कारण ताईला काल सांगितलं. बाबांचा हिशोब असा आहे की माझी चार वर्षं संपतील तेव्हा ते अकरा लाख ताईच्या लग्नाला येतील. ते मला मळ्यात काम करताना बोलले होते. ताईला सांगू नको म्हणाले होते.

संत्र्याचा_मळा

आता मी. ते वाचून मला रडू आलं आणि रागही आला. आज सकाळच्या एसटीने गावी गेले, बाबांसमोर बसले आणि सांगितलं की माझ्या लग्नाचा खर्च या हिशोबात धरायचा नाही. मी कमावते. माझं लग्न माझ्या पैशात आणि बाबांना झेपेल तेवढ्यात होईल, भावाच्या कापलेल्या पगारावर होणार नाही. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्याला जे व्हायचं आहे ते होऊ दे, पण अर्धवट काही करायचं नाही." माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

आता त्याच्या इंग्रजीचं काय करायचं ते सांगा.

चेन्नई_सप्टेंबर

भाऊ, तो पट्ट्याचा प्रसंग जपून ठेव. एसएसबीच्या मुलाखतीत "अधिकारी का व्हायचंय" असं विचारतील तेव्हा तोच सांग, पुस्तकातलं उत्तर देऊ नको.

इंग्रजीची भीती बाळगू नको, पण तिच्याकडे काणाडोळाही करू नको. ओटीएसाठी सीडीएसला इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर असतात, गणित नाही. आयएमएसाठी गणितही लागतं, तू सायन्सचा आहेस, तेही कर. इंग्रजीला तीन वर्षं आहेत. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, आणि त्यातली एक बातमी मोठ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायची. ऐकायला ताई आहेच. एसएसबीत उच्चार कोणी मोजत नाही. गटात बोलताना तू मुद्दा मांडतोस का, दुसऱ्याला बोलू देतोस का, ठरलेलं काम पार पाडतोस का, हे बघतात. माझ्याबरोबर साधं, तुटक इंग्रजी बोलणारा साताऱ्याचा एक मुलगा होता. तो निवडला गेला, आणि फर्डं बोलणारे दोघे पहिल्याच दिवशी परतले.

पैसे भरून लावलेल्या क्लासच्या मागे धावण्याआधी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र माहीत करून घे. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना सीडीएस आणि एसएसबीची तयारी तिथे फुकट करून देतात, राहणं-जेवणही फुकट. 'सी' प्रमाणपत्र 'ए' किंवा 'बी' ग्रेडचं असेल आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस असेल तर एसएसबीच्या वर्गाला घेतात. चौकशी नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कर. विदर्भातली मुलं तिथे फार कमी दिसतात, कारण कोणी सांगतच नाही.

एसएसबीचं केंद्र भोपाळ आलं तर नागपूरहून एका रात्रीची गाडी. त्या प्रकारच्या कमिशनसाठी पहिल्यांदाच जात असशील तर एसी थ्री टिअरचं जाण्या-येण्याचं भाडं मिळतं, तिकीट जपून ठेव.

गार्ड्स_सेंटर_कामठी

बेटा, रॅली सोडतोस तर मनात खंत ठेवू नको. तुझ्या जागी दुसरा कोणी जाईल, आणि तोही आपलाच. धावणं मात्र सोडू नको. पुढे कधी प्लाटून हाती आली तर जवान पहिल्या आठवड्यात बघतात की साहेब आपल्यासोबत धावतो का. रविवारी कामठीला ये, गार्ड्सचं सेंटर बाहेरून दाखवतो आणि माझ्याकडे जेवून जा.

सिनिअर_विंग

दादा, सीताबर्डीच्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला किल्ला सगळ्यांसाठी उघडतात. यंदा आमच्या कॅडेट्ससोबत ये.

वर्धा_नदीकाठ

ताई, तुम्ही गावी जाऊन बोललात ते फार चांगलं केलंत. माझ्या मुलाला तुमचा धागा पाठवला. त्याने इग्नूला प्रवेश घेतला आहे, ओटीएच्या वयाचं त्याला माहीत नव्हतं. चेन्नईवाले साहेब, त्याने काही विचारलं तर उत्तर द्याल का?

चेन्नई_सप्टेंबर

नक्की. त्याला इथेच लिहू द्या, म्हणजे बाकीच्या अग्निवीरांनाही वाचता येईल. सेवेत असताना अर्ज करायचा तर युनिटची परवानगी घ्यावी लागते, तिथूनच सुरुवात करूया.

संत्र्याचा_मळा

शनिवारी सकाळी सहाला नोंदणीची निवड आहे. परेड_ग्राउंड सर, सोबत काय काय न्यायचं? नोटिशीत फक्त "कागदपत्रांसह हजर राहावे" एवढंच लिहिलं आहे.

परेड_ग्राउंड

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, कॉलेजच्या प्रवेशाची पावती, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि त्याच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचं पासबुक. भत्ता थेट खात्यावर येतो, बाबांच्या किंवा तुमच्या खात्याचं पासबुक चालणार नाही. खातं नसेल तर उद्याच उघडायला पाठवा. शाळेत ज्युनिअर डिव्हिजन करून 'ए' प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही आणू दे, पण नसलं तरी अडत नाही. केस बारीक कापून यावं, बूट धावायचे असावेत, आणि रात्री पाऊस झाला तर मैदानावर चिखल असेल, म्हणून मोज्यांचा एक जादा जोड. पोटात काहीतरी टाकून येऊ द्या. पहिल्या दिवशी उपाशी धावून चक्कर येणारी मुलं दरवर्षी दोन-तीन तरी असतात.